साठा उत्तराची कहाणी, पाचा उत्तरी: चौथीच्या मुलांकडून पुराणकथा कशा शोधून, कशा सांगून घ्याव्यात?

महालातली_मास्तरीण | २ जुलै, रात्री १०:१५

मंडळी, जरा डोकं द्या. नागपुरात एका मराठी शाळेत चौथीला शिकवते. आमच्याकडे उन्हापायी शाळा उशिरा उघडतात, त्यामुळे आत्ता कुठे पुस्तकं वाटून झाली, आणि लगेच वर्षभराच्या उपक्रमांची यादी हातात पडली. माझ्या वाट्याला पुन्हा तोच विषय: 'पारंपरिक कथा, शोध व सादरीकरण'.

पुन्हा म्हणते, कारण मागच्या वर्षी हाच उपक्रम घेतला होता आणि तो सपशेल आपटला. मी एवढंच सांगितलं होतं की घरून एक पौराणिक कथा शोधा, लिहून आणा आणि वर्गात सांगा. ३८ मुलं. त्यातल्या २१ जणांनी गणपतीचं डोकं आणलं, आणि एकवीसही वह्यांमध्ये वाक्यं अगदी तीच. नेटवर जे पहिलं निघालं ते उतरवलेलं. एका मुलानं तर इमानेइतबारे खालचं सगळं लिहून आणलं होतं. वर्गापुढे छाती काढून वाचलं, "आणि शंकराने त्यास गजमुख बसविले. अधिक वाचा. हेही पाहा." कोणी हसलं नाही. बऱ्याच जणांच्या वहीत तेच होतं ना.

चार्टपेपर तर आयांनी रात्री जागून केलेले. किनारीला जर लावलेली, अक्षर मोत्यासारखं, आणि पोराला विचारलं 'गजमुख म्हणजे काय' तर गप्प.

एकच मुलगी लक्षात राहिली. चार्ट नाही, वही नाही. म्हणाली, "मॅडम, आमची आजी म्हणते, त्या हत्तीच्या मायनं किती शोधलं असंल त्याले." आणि खाली बसली. मी तिला चार्ट नाही म्हणून दहापैकी चार गुण दिले. ते चार गुण मला वर्षभर टोचतायत.

तर प्रश्न असा आहे की नऊ वर्षांच्या मुलानं 'शोध घेणं' म्हणजे नेमकं काय करायचं? आणि सांगणं पाठांतरातून कसं सोडवायचं? कोणी वर्गात करून पाहिलंय का?


तर्री_जास्त | २ जुलै, रात्री ११:०२

मॅडम, गणपतीचं डोकं कायले धरून बसल्या? पोळा येऊन राहिला ना! मारबत घ्या, मारबत. (नागपूरबाहेरच्यायसाठी: पोळ्याच्या पाडव्याले मिरवून जाळतात तो बाईचा मोठा पुतळा.)

मी जगनाथ बुधवारीतला. पिवळी मारबत आमच्याच इकडून निघते, १८८५ पासून. काळी त्याच्याही चार वर्षं आधीची, १८८१ ची. लहानपणापासून तिच्या मागं बोंबलत गेलो, "खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत!" पण ही बाई हाय तरी कोन, हे इचारलं का घरातले चार मानसं चार गोठी सांगतात. आजी म्हने, ही पूतना. किसनानं मारली, मंग गावकऱ्यायनं गावाबाहीर नेऊन जाळली. बाबा म्हनत, नाही बे, काळी म्हंजे बाकाबाई, भोसल्यायच्या घरची रानी, इंग्रजायले सामील झाली म्हून लोकायनं तिचा पुतळा काढला. मोठेबाबा म्हनत, दोघंयी चूक. पोळ्याच्या पाडव्याले रोगराई गावाबाहीर हाकलाची रीत खेड्यापाड्यात जुनीच हाय, पूतना अन बाकाबाई मागून आल्या.

आता तिघंयी वारले. सांगा कोनाले इचारू. पोट्ट्यायले हेच शोधू द्या ना, तिघंयी जिते असतानी. नेटवरून उतरवता येनार नाही, कारन घरोघरी येगळं निघते.


कोरडी_विहीर | ३ जुलै, सकाळी ८:४०

पुण्याहून वाचतोय. मारबत हा प्रकार मला नवीन, त्याबद्दल आभार. पण मूळ कल्पनेवर आक्षेप आहे.

मुलांना कथा सांगा, खुशाल सांगा. 'शोध' हा शब्द मात्र नको. शोध घडलेल्या गोष्टीचा घेतात. नऊ वर्षांच्या मुलाला पूतनेचा शोध घ्यायला लावलात की ती होऊन गेली असं त्याच्या मनात पक्कं बसणार. पुढे तेच मूल मोठं होऊन पुष्पक विमानाचे पुरावे फॉरवर्ड करतं. फॅमिली ग्रूपवर रोज पाहतो आहे.


बुलढाण्याची_लेक | ३ जुलै, दुपारी १:२०

कोरडी विहीर, तुमची भीती खोटी नाही. पण शोध राक्षसाचा घ्यायचा नसतो, राक्षसाच्या कथेचा घ्यायचा असतो. ती कथा तर खरीच आहे ना, लोक सांगतात म्हणजे आहेच.

माझं माहेर लोणारपासून जवळ. लहानपणी ऐकलेलं असं: लवणासुर जमिनीखाली बिळात राहायचा, वर झाकण. विष्णू देखण्या तरुणाचं रूप घेऊन आला, पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. म्हणून गावात दैत्यसूदनाचं देऊळ. तळ्यातलं पाणी हे त्याचं रक्त आणि खार म्हणजे मांस. मग शाळेत कळलं की हे उल्केच्या आघातानं बसाल्टमध्ये पडलेलं विवर आहे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं.

माझ्या भाच्याला दोन्ही सांगितलं तेव्हा तो पहिलीत होता. मला वाटलं गोंधळेल. त्यानं विचारलं, "मावशी, ज्यांनी राक्षसाची गोष्ट केली त्यांना खड्डा दिसत होता ना?" दिसतच होता. गोल, खोल, तळाशी खारट पाणी, ते इतर कुठल्या तळ्यासारखं नाही. त्यांनी जे दिसलं त्याचं उत्तर रचलं. २०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा गावात पुन्हा रक्ताची आठवण निघालीच, आणि नंतर तपासणीत निघालं की ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे होतं. पोराला दोन्ही माहीत आहे. तो पुष्पक विमान फॉरवर्ड करेल असं मला वाटत नाही.


निवृत्त_ग्रंथपाल | ३ जुलै, रात्री ९:०५

मास्तरीणबाई, 'शोध' कसा शिकवायचा याचं उत्तर बाहेरून आणायची गरज नाही. ते आपल्याच विदर्भात, रिद्धपूरला, तेराव्या शतकात देऊन झालं आहे.

चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा गोळा केल्या. कशा? ज्यांनी पाहिलं, ज्यांनी ऐकलं, त्यांच्याकडे जाऊन विचारून. मौज पुढे आहे. एकाच प्रसंगाबद्दल दोघांनी वेगवेगळं सांगितलं, तर लीळाचरित्रात एकाचं गाळून दुसऱ्याचं ठेवलेलं नाही. सांगणाऱ्याच्या नावानिशी पाठभेद नोंदलेला आढळतो, त्याला 'वासना' म्हणतात. म्हणजे अमक्याची आठवण अशी, तमक्याची तशी. मराठी गद्याच्या अगदी आरंभीच्या ग्रंथात ही शिस्त आहे.

तुमच्या मुलांना इतकंच शिकवा की कथा लिहिली की पुढे नाव लिहायचं, कोण म्हणालं. पुस्तकातली असेल तर पुस्तकाचं नाव, मोबाईलवरची असेल तर तसं लिहायचं, त्यात लाज नाही. आमच्या वाचनालयात पीएच.डी.ची मंडळी येत. त्यांच्यातही हे न करणारे पाहिले आहेत.


महालातली_मास्तरीण | ३ जुलै, रात्री १०:३०

ग्रंथपाल काका, हे वाचून अंगावर काटा आला. 'कोण म्हणालं' अशी चिठ्ठीच छापून घेते. तर्रीभाऊ, मारबत पक्की!


निळं_आभाळ | ४ जुलै, सकाळी ७:१५

मॅडम, छान चाललंय, पण एक बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहिते.

आमचं घर बौद्ध. १४ ऑक्टोबर १९५६ ला माझे आजोबा दीक्षाभूमीवर होते, पंधरा वर्षांचे. घरातल्या देवांच्या तसबिरी त्यांनी नंतर काढल्या. गेल्या वर्षी माझ्या मुलीला तिच्या शाळेत असंच सांगितलं होतं की आजीकडून देवाची गोष्ट आणा. ती आजीकडे गेली, तर आजी म्हणाली, आपण त्या गोष्टी सोडल्या. पोर दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं गेली आणि शिक्षिकेनं सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्याकडे गोष्टी नाहीत का?"

आहेत ना. जातकं आहेत, बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी. बाबासाहेबांनी दीक्षेनंतरच्या भाषणात नागपूरच का निवडलं ते सांगताना नाग लोकांचा उल्लेख केला, ती कथा आहे. आमच्या आजीकडे तर १९५६ चीच एवढी मोठी कथा आहे, कोण कसं आलं, काय खाल्लं, कुठे झोपले. प्रश्न कसा विचारता यावर आहे सगळं. 'देवाची गोष्ट आणा' आणि 'तुमच्या घरात फार जुनी कोणती गोष्ट सांगतात' यात फरक आहे.


महालातली_मास्तरीण | ४ जुलै, संध्याकाळी ६:५०

ताई, माझ्या वर्गात मागच्या वर्षी नऊ मुलं अशी होती, आणि मी 'पौराणिक कथा' असाच शब्द फळ्यावर लिहिला होता. त्यातली सात जणं गणपतीचं डोकं उतरवून घेऊन आली. का, ते आज कळलं. शब्द बदलते.


सालेकसा_पॅसेंजर | ४ जुलै, रात्री ८:३०

आमच्या गोंडी गोष्टीही या यादीत येऊ द्या. नागपूर वसवलं बख्त बुलंद शाहनं, गोंड राजानं, पण नागपूरच्या पोरांना लिंगोचं नाव विचारा, माहीत नसतं.

थोडक्यात सांगतो, आमच्याकडे सांगतात तसं. कली कंकालीच्या मुलांनी फार उच्छाद मांडला म्हणून शंभूनं त्यांना कचारगडच्या गुहेत कोंडलं आणि तोंडाशी मोठा दगड लावला. आई बाहेर रडून रडून वेडी झाली. पहांदी पारी कुपार लिंगोनं जंगो रायतारच्या साथीनं त्यांना सोडवलं. दगड हलवला तो हिरासुका या वादकानं, आणि तो स्वतः त्याच दगडाखाली गेला. मग लिंगोनं त्या मुलांना शिकवलं, गोत्रं लावून दिली. माघ पौर्णिमेला कचारगडला जत्रा भरते, लांबलांबून लोक येतात.

एक विनंती. ही आमच्यासाठी 'मजेदार गोष्ट' नाही, आमची धर्माची कथा आहे, आमचे कथागायक परधान ती गाऊन सांगत आले. मुलांनी सांगावी, जरूर सांगावी. मुखवटे घालून पिसं लावून नाचगाणं बसवू नका. दर गॅदरिंगला ते पाहून कंटाळा आलाय.


निवृत्त_ग्रंथपाल | ४ जुलै, रात्री ९:४५

सालेकसावाल्या भाऊंच्या लिंगोकथेला एक नागपुरी शेपूट आहे. ही कथा गीतरूपात प्रथम कागदावर उतरली ती नागपुरात राहणाऱ्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याकडून, एका परधानाच्या तोंडून ऐकून. हिस्लॉप १८६३ मध्ये बुडून वारले, आणि त्यांची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या नावाचं कॉलेज नागपूरकरांना ठाऊकच आहे. मुलांना विचारण्याजोगा प्रश्न असा की परधानानं गायलेलं आणि साहेबानं लिहिलेलं, यात काय काय गळलं असेल?


सालेकसा_पॅसेंजर | ४ जुलै, रात्री ९:५८

चाल गळली, काका. पहिल्यांदा चालच गेली असणार.


गडावरचा_वानर | ५ जुलै, दुपारी १२:१०

रामटेककर हजर. वर्गाला फिरायला नेणार असाल तर आमच्याकडे या, नागपूरहून पन्नासेक किलोमीटर. एका नावातच शोध होऊन जातो. रामटेक का म्हणतात, हे गडाच्या पायऱ्यांवर बसलेल्या दहा जणांना विचारा. कोणी म्हणेल राम इथे टेकला, म्हणजे विसावला. कोणी म्हणेल रामानं राक्षस मारायची टेक घेतली. कोणी साधं सांगेल, टेकडी आहे म्हणून टेक. पोरांनी फक्त कौल मोजायचा.

मोठ्या मुलांना आणखी एक. मेघदूतातला यक्ष ज्या रामगिरीवर राहिला तो रामटेकच, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. पण छत्तीसगडात सरगुज्यातल्या रामगढचाही दावा आहे. दोन डोंगर आणि एकच यक्ष! आम्ही अर्थातच मिराशींच्या बाजूचे.

आणि एक अवघड जागा सांगून ठेवतो. शंबुकाची कथाही आमच्या गडाशी जोडलेली आहे. एखादं पोर नेमकी तीच घेऊन आलं तर काय कराल, याचा आधी विचार करून या.


निळं_आभाळ | ५ जुलै, दुपारी ३:४०

माझं मत: चौथीत आपणहून काढू नका. पण पोरानं घरून आणली तर "ही नको" म्हणू नका. सगळ्यांसारखीच चिठ्ठी लावा, कोण म्हणालं ते लिहा. मूल विचारेल की त्याला का मारलं, तेव्हा गुळगुळीत उत्तर देऊ नका. "तो तप करत होता आणि त्याच्या जातीला ते करू देत नव्हते, असं या कथेत आहे" इतकं खरं नऊ वर्षांच्या मुलाला झेपतं. आमच्या मुलांना तर ते त्याआधीच माहीत असतं.


कोरडी_विहीर | ५ जुलै, संध्याकाळी ७:००

मी 'शोध' या शब्दावरचा आक्षेप अर्धा मागे घेतो. उरलेला अर्धा निकाल पाहून.


झाडीपट्टीचा_राजा | ६ जुलै, रात्री ११:३०

उशीर झाला, तालमीत होतो. शोध झाला, आता सांगण्याचं बघू. मी वीस वर्षं झाडीपट्टीत रात्र-रात्र नाटकं करतोय, त्याआधी गावच्या दंडारीत होतो, म्हणून चार शब्द.

कागद हातात दिला की पोरगं मेलं. डोळे कागदात, आवाज घशात. लिहायला लावूच नका आधी. आधी पाच चित्रं काढायला सांगा, काड्यांची माणसं चालतील. पाच चित्रं म्हणजे पाच बोटं. एकेक बोट धरत गोष्ट सांगायची. आपल्या कहाण्यांचा शेवट काय असतो? साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. साठात ऐकलेली पाचात सांगता आली की गोष्ट पोराची झाली. मग पुन्हा साठात न्यायला वेळ लागत नाही.

दुसरं. वर्गापुढे एकदम उभं करू नका. आधी एकाला एक, मग चौघांना एक, मग वर्ग. तिसऱ्यांदा सांगताना पोरगं आपोआप स्वतःचे शब्द वापरतं, तुम्ही न सांगता. आमच्याकडे नवा नट तीन प्रयोगांनंतरच खुलतो.

तिसरं, पोराची बोली बदलू नका. घरात 'माय' म्हणत असेल तर पूतना 'माय' होऊनच आली पाहिजे. 'माता' केली की सगळं वर्गपाठ.


तर्री_जास्त | ६ जुलै, रात्री ११:४१

राजेसाहेब, लाख बोललात. माह्यावाल्या पोट्ट्याले इंग्लिश मिडियमात घातलं, तो पूतनेले 'डेमन लेडी' म्हनते. आता काय करू?


झाडीपट्टीचा_राजा | ६ जुलै, रात्री ११:४४

आजीले फोन लावून द्या, मराठीतून!


महालातली_मास्तरीण | ८ सप्टेंबर, रात्री ९:२०

धागा वर काढते. पोळा झाला, मारबत झाली, उपक्रमही झाला. जसा झाला तसा लिहिते, फार सजवत नाही.

फळ्यावर लिहिलं, 'तुमच्या घरात किंवा मोहल्ल्यात सांगतात ती फार जुनी गोष्ट'. पहिले दोन आठवडे फक्त मारबत, सगळ्या वर्गाला एकच, म्हणजे पद्धत कळावी. प्रत्येकाला तीन चिठ्ठ्या दिल्या. चिठ्ठीवर तीनच रकाने होते: काय म्हणाले, कोण म्हणालं, त्यांना कोणी सांगितलं. तिसऱ्या रकान्यानं कमाल केली. मोठी माणसं तिथे अडकतात. "असंच माहीत आहे" असं उत्तर आलं तर तेच लिहायचं, असा नियम. ३६ मुलांकडून ९१ चिठ्ठ्या आल्या. बाकीच्या हरवल्या, भिजल्या, एक गायीनं खाल्ली (शपथेवर).

चिठ्ठ्या भिंतीवर दोरीला टांगल्या, सारख्या गोष्टी एका दोरीवर. पूतनेची दोरी सर्वांत लांब. बाकाबाईची दुसरी. 'फक्त रोगराई हाकलायची' ही तिसरी, आणि त्यात बहुतेक खेड्यातून आलेल्या आजी-आबाजींची नावं. हे मी सांगितलं नाही, एका पोरीनंच ओळखलं. "मॅडम, या दोरीवरचे सगळे गावचे आहेत." काहींनी पळसाच्या फांद्या दारात लावून सकाळी गावाबाहेर टाकतात तेही सांगितलं होतं. तर्रीभाऊ, तुमच्या मोठेबाबांची दोरी.

मग मी त्यांना फक्त दोन आकडे दिले. बाकाबाई वारली १८५८ साली, काळी मारबत सुरू झाली १८८१ मध्ये. वजाबाकी त्यांनी केली, २३. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे तिले दिसलीच नाही! मग काय फायदा?" त्यावर मागच्या बाकावरून उत्तर आलं, "मेल्यावरही राग राहतो. आमचे आबाजी वारले तरी बाबा मोठेबाबांशी बोलत नाहीत." मी त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही. आणि बाकाबाई खरंच तशी वागली होती का, की नंतर सगळा दोष एका बाईवर टाकला, हेही एकीनं विचारलं. त्याचं उत्तर दिलं नाही. प्रश्न दोरीवर टांगला, अजून आहे.

तक्रारही आली, यायचीच होती. एक पालक आले, पूतनेची कथा भागवतात आहे, एक आहे, मुलांना दहा उत्तरं देऊन गोंधळात का टाकता म्हणून. मी म्हटलं, तुम्हीच या आणि सांगा. ते आले. दहाव्या स्कंधातली कथा सांगितली, पूतनेचा देह तोडून जाळला तेव्हा धुराला अगरूचा सुगंध आला, कारण कृष्णानं तिचं दूध प्यालं होतं. वर्ग गप्प. मग एक हात वर: "पण मारबत जाळतात तेव्हा तर टायरसारखा वास येतो." दुसरा हात वर: "काका, तुम्हाला कोणी सांगितलं?" ते जरा थांबले. मग म्हणाले, आजोबांनी, ते सप्ताहाला बसायचे. चिठ्ठी लिहून दोरीला लावली. ते खूश होऊन गेले असं म्हणणार नाही. पण तक्रार पुढे नेली नाही.

नंतरचे तीन आठवडे प्रत्येकानं आपली गोष्ट आणली. लवणासुर आला, रामाची टेक आली, अदाशाचा गणपती आला, ज्याला बळीकडे जाण्याआधी वामनानं पूजलं म्हणतात. आणि दुसऱ्याच दिवशी एका मुलीनं बळीची दुसरी बाजू आणली, शेतकऱ्यांचा चांगला राजा, "इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो" तिची आजी दिवाळीत म्हणते तो. दोन मुलांचं कडाक्याचं भांडण झालं, बळी चांगला होता तर त्याला पाताळात का घातलं. ते मी मिटवलं नाही. दोघांनाही चिठ्ठ्या दिल्या, जा विचारून या.

दीक्षाभूमीवर पणजोबांनी काय खाल्लं, ही गोष्ट आली. निळं आभाळ ताई, दोन घरांतून आली. एकीत चिवडा, एकीत बेसन-भाकर. दोन्ही दोरीवर. लिंगोची गोष्ट गोंदियाकडच्या एका मुलानं सांगितली. पिसं नाहीत, मुखवटे नाहीत. दगडाखाली गेलेल्या हिरासुकापाशी आल्यावर तो थांबला आणि शेवटचं बोट कितीतरी वेळ हातात धरून उभा राहिला.

पाच बोटांची युक्ती चालली. सगळ्यांची नाही. सहा-सात मुलं शेवटपर्यंत कागदच मागत राहिली, दिला. एक जण अजूनही 'मातेने पुत्रास' अशीच बोलते, तिची आई शिकवणी घेते. आणि शाळेला शेवटी भिंतीवर चार्ट हवेच होते, म्हणून दोऱ्या उतरवून आठ दिवस चार्ट लावले. जर होतीच किनारीला. आता दोऱ्या परत लावल्यात.


कोरडी_विहीर | ८ सप्टेंबर, रात्री १०:०५

उरलेला अर्धाही मागे घेतला. 'त्यांना कोणी सांगितलं' हा रकाना आमच्या फॅमिली ग्रूपवर टाकला आहे. दोन काकांनी ग्रूप सोडला.


निवृत्त_ग्रंथपाल | ९ सप्टेंबर, सकाळी ६:३०

चिठ्ठ्या टाकू नका. दोरीसकट जपून ठेवा. एखादी वाचायला मिळेल का?


महालातली_मास्तरीण | ९ सप्टेंबर, दुपारी २:१५

हत्तीच्या मायवाली माझी मुलगी आता पाचवीत आहे. तरी मागून एक चिठ्ठी घेऊन गेली होती. मारबतीच्या दुसऱ्या दिवशी आणून दिली. जशीच्या तशी:

काय म्हणाले: मारबत वाईट नाही. ती सगळ्यांचा खोकला घेऊन जाते म्हणून काळी पडली.
कोण म्हणालं: इतवारीत मारबत पाहायला आलेली एक आजी. हिरवं लुगडं.
त्यांना कोणी सांगितलं: विचारत होती तेवढ्यात गर्दीत ढकलाढकली झाली. ती पुढे गेली. विचारायचं राहिलं.